अंधाऱ्या खोलीतला विटाळ

माणसाला माणसापासून लांब कसं ठेवावं, हे शास्त्र आमच्या गावाला पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ होतं. आमची वस्ती कुठल्या अंगाला, आमचं पाणी कुठलं, आमची सावली कुठवर पडली तर चालेल, सगळं ठरलेलं. आमच्या काष्टीच्या बाजारात चहाचं एक हॉटेल होतं. त्याच्या बाहेरच्या भिंतीला खिळा, आणि खिळ्याला आमचा कप. कान तुटलेला. आपणच काढायचा, आपणच विसळायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतणार, पिऊन झालं की पुन्हा आपणच टांगायचा. मी पुण्याहून बी.ए. होऊन आलो. महारवाड्यातला पहिला, आणि साऱ्या गावातलाही पहिलाच, हे मी तेव्हाही ठणकावून सांगायचो, आजही सांगतो. पण कप तोच. पदवीदानाला झगा मिळतो, कप मिळत नाही.

दुसरी मोठी लढाई नुकतीच संपली होती. कचेऱ्यांत जागा निघायच्या, पण माझं गाव आणि वस्ती विचारून झाली की त्या अचानक भरलेल्या असायच्या. शेवटी नगरच्या एका दवाखान्यात, क्षयाच्या विभागात लागलो. डॉक्टर मद्रासकडचे. माणूस हुशार, पण त्यांचं मराठी 'बसा' आणि 'थुंका' इथं संपायचं. बाकीचं ते इंग्रजीत बोलत आणि मी रोग्यांना सांगे. क्षय शापानं होत नाही, करणीनं होत नाही. रोग्याच्या खोकल्याबरोबर जंतू उडतात, ते जवळच्याच्या छातीत जातात, म्हणून आधी घरच्यांना धोका, त्यातही पोरांना. दिवसभर हेच. माझी सगळी बी.ए. या चार वाक्यांत खर्ची पडत होती.

एके दिवशी दारात आमच्या गावचे पाटील उभे. बरोबर मुलगा, आणि पाटलांचं धोतर धरून चार वर्षांची नात. पाटील एकेकाळी केवढा गडी! आता गळ्याची हाडं वर आलेली. रोज संध्याकाळी ताप, खोकल्यात रक्त. वैद्याचा काढा झाला होता, देवऋषाचा अंगारा झाला होता, मग आमचा नंबर.

मला बघून ते थबकले. "येसकराचा पोरगा न्हवं का रं तू?"

माझे वडील गावचे येसकर. वेशीवर राखण करायची आणि पाटलाचे सांगावे पोचवायचे, हे त्यांचं काम.

"होय पाटील. इथं नोकरीला आहे."

"झाडलोट करतूस व्हय?"

"नाही. सांगतो."

"काय सांगतूस?"

"डॉक्टर म्हणतील ते."

पाटील मुलाकडं वळले. "दुसरं कोन न्हाई का रं हितं सांगायला?"

दुसरं कोणी नव्हतं.

आधी स्क्रीनिंग. काळ्या पडद्यांनी बंद केलेली खोली, आत मिट्ट काळोख. रोग्यानं उघड्या अंगानं क्ष-किरणांच्या यंत्रापुढं उभं राहून एका काचेला छाती लावायची. यंत्र सुरू झालं की काचेवर हिरवट उजेडात त्याच्या बरगड्या उमटत, काळीज धडधडताना दिसे. डॉक्टर 'टर्न' म्हणाले की मी खांदे धरून माणूस वळवायचा.

"खांद्याला कोन लागलं?" अंधारातून पाटील.

"मीच. जरा डावीकडं व्हा. श्वास घ्या. धरा."

पाटलांनी श्वास धरला. सोडताना म्हणाले, "अंधारात चालतं म्हना."

"चालतं. इथं अजून कोणी बाटलं नाही."

त्याच काचेला सकाळपासून एक चांभार, एक विणकर मोमीन आणि एका देवळाचे पुजारी छाती लावून गेले होते, हे मी बोललो नाही. रोग्याला धक्का देऊ नये, अशी डॉक्टरांची ताकीद होती.

काचेवर पाटलांच्या छातीत वरच्या बाजूला डाग दिसले. मग थुंकी तपासली. सूक्ष्मदर्शकाखाली निळ्यावर बारीक लाल काड्या. डॉक्टरांनी पाटलांनाही बघू दिलं. ते बराच वेळ डोळा लावून होते.

"ह्येच किडं?"

"हेच."

"कोनच्या जातीचं म्हनायचं?"

"जात नाही त्यांना. पाटलाच्या छातीत राहिले म्हणून पाटील होत नाहीत."

मुलगा हसला आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं.

मग मी सांगायचं ते सांगितलं. औषधाचं म्हणाल तर तेव्हा आमच्याकडं विश्रांती, मोकळी हवा, दूध आणि अंडी, एवढंच. कोणी त्यावर उठायचा, पुष्कळ उठायचे नाहीत. पाटलांचं जे व्हायचं ते होणार होतं. पण नात त्यांच्या मांडीवर बसून त्यांचीच बोटं मोजत होती, आणि त्यांच्याच ताटात जेवते असं मुलगा म्हणाला होता. म्हणून मी स्पष्ट सांगितलं. कप वेगळा, ताट वेगळं. झोपायचं ओसरीत, एकट्यानं. खोकताना तोंडावर फडकं, थुंकायला झाकणाचा डबा. नातीला जवळ घ्यायचं नाही, आणि घरातल्या सगळ्यांना, आधी हिला, तपासायला आणायचं.

पाटलांचा चेहरा लाल झाला. "आरं वा रं बहाद्दर! चार बुकं शिकला न्हाईस तवर पाटलाचा कप येगळा केलास? दावा साधतूस व्हय?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

"मग त्येंच्या तोंडनं ऐकू दे."

डॉक्टरांनी सगळं पुन्हा सांगितलं, इंग्रजीत. पाटील माझ्याकडं बघून, "काय म्हनले?"

"तेच."

"फिरून इचार."

फिरून विचारलं. डॉक्टरांचा आवाज चढला.

"आता काय म्हनले?"

"तेच. पण रागानं."

अवघं वैद्यकशास्त्र माझ्या तोंडातून येत होतं, आणि माझं तोंड बाटलेलं. पाटील नातीला कडेवर घेऊन निघून गेले.

ते परत आले नाहीत. तिलाही कोणी आणलं नाही. दोनेक महिने वाट पाहून मी बाजारच्या दिवशी गावी गेलो. वडिलांनी हात जोडले. "तुला नगरात नोकरी हाय बाबा. आमाला हितंच ऱ्हायचंय. त्येंच्या वाटंला जाऊ नगंस."

तरी गेलो. पाटील हॉटेलात बाकावर बसलेले, मांडीवर नात, आणि बशीतला चहा अर्धा ते पीत होते, अर्धा तिला पाजत होते. मी खिळ्यावरचा कप काढला आणि दारातूनच म्हणालो, "पाटील, एक विचारू? माझ्या आज्यानं जन्मभर या कपातनं चहा प्यायला. त्याला कुठला रोग होता?"

हॉटेलवाल्याची किटली हवेतच राहिली.

"बोला की. कुठला रोग होता?"

"न्हवता," पाटील म्हणाले.

"नव्हता, तरी कप वेगळा. तुम्हाला आहे. तुम्ही डोळ्यानं बघितलाय."

नातीनं बशीकडं हात केला. पाटलांनी बशी लांब धरली. पोर रडायला लागली. त्यांनी तो कढत चहा एका दमात स्वतःच्या घशात ओतला, तिला मांडीवरून खाली ठेवलं आणि हॉटेलवाल्याला म्हणाले, "हिला दुसऱ्या कपात दे."

पुढच्या आठवड्यात मुलगा तिला घेऊन नगरला आला. मागून पाटील, तोंडाला फडकं. पोर काळोखाला भ्याली, म्हणून मी तिला उचलून काचेला धरलं.

दाराबाहेरून आवाज आला, "कोन धरलंय तिला?"

"मी."

यंत्र घुमायला लागलं, तसे बाहेरून पाटील म्हणाले, "घट धर. हलू दिऊ नगंस."

डॉक्टर दोन शब्द बोलले. मी बाहेर येऊन सांगितलं, "छाती साफ आहे." यावेळी पाटलांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचा हट्ट धरला नाही. ही बातमी त्यांना माझ्या तोंडची चालली.

घरी पोचल्यावर मात्र मला शिवली म्हणून पोरीला अंगणातच न्हाऊ घातलं. हे वडिलांनी सांगितलं. मी म्हटलं, घालू द्या, अंघोळीनं नुकसान नाही.

कप मात्र पाटलांनी शेवटपर्यंत वेगळा ठेवला. हॉटेलवाल्यानं त्यांच्यासाठी भिंतीला आतून खिळा ठोकला. भिंत एकच, आतून त्यांचा कप, बाहेरून आमचा. त्यांचा तो अदबीनं उकळत्या पाण्यात धुवायचा. दोन वर्षांनी पाटील गेले, तेव्हा त्यानं आतला खिळा उपटून भोक चुन्यानं बुजवलं. बाहेरच्या खिळ्याला हात लावायचं त्याला सुचलं नाही. नात तोवर शाळेत जाऊ लागली होती, ठणठणीत.