वॉटी स्मीटन 'उचल' म्हणत नसे

जुलैत गोल्फची मोठी स्पर्धा आमच्या किनाऱ्यावर आली की पिटकार्नमधलं घर न् घर लॉज होतं. एरवी शेजारणीला चहाला न बोलावणाऱ्या बायका उशांना नवे अभ्रे घालतात, पोरांना माळ्यावर पिटाळतात आणि खिडकीत 'खोली आहे' अशी पाटी टांगतात. मी नेट्टा इमरी. नवरा गेल्यापासून मी बारा महिने खोल्या देते, त्यामुळे या आठवडाभराच्या मालकिणींचं मला भारी हसू येतं. स्पर्धा पलीकडच्या गावात, बसनं अर्ध्या तासावर. पाहुणे दिवसभर तिथे दोरीमागे उभे राहून दुसऱ्यांचे टोले बघतात, आणि बघून बघून हात शिवशिवायला लागले की संध्याकाळी आमच्या नऊ होलच्या मैदानावर येतात. वारा त्यांचे चेंडू काटेरी झुडपांत नेऊन टाकतो. तरी मेले म्हणतात, काय सुंदर जागा आहे!

वॉटी स्मीटनला हे पाहुणे डोळ्यांसमोर नको असत. वॉटी माझा शेजारी, आमच्या परसांमध्ये कमरेएवढी दगडी भिंत. धंद्यानं प्लंबर. जन्मभर गावाचे नळ दुरुस्त केले, लग्न केलं नाही, आईबापांच्या पाठीमागे त्याच घरात एकटा राहिला. रोज संध्याकाळी गोल्फ. खेळायचा बरा, पण गावात त्याचं नाव होतं ते वेगळ्याच कारणानं. दोघांच्या सामन्यात समोरच्याचा चेंडू होलच्या तोंडाशी आला की आपण म्हणतो, "उचल." म्हणजे हा दिला तुला, मारायला नको, पडलाच असं धरू. सगळे म्हणतात. वॉटी म्हणत नसे. आमच्या पाद्रीबाबांच्या वाढदिवशीसुद्धा त्यानं म्हटलं नाही.

"अरे वॉटी, वीतभर तर राहिलाय," पाद्रीबाबा म्हणाले.

"मग मारा की. वीतभर तर आहे."

पाद्रीबाबांनी मारला, चेंडू होलच्या कडेला लागून बाहेर आला, आणि वॉटीनं टोपी काढून त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. गाव आठवडाभर हसत होतं.

हे बापाचं वळण. म्हातारा स्मीटन मासेमार होता, दोन्ही पोरांना त्यानं खेळायला शिकवलं आणि डोक्यात एकच भरवलं, की दिलेलं घ्यायचं नाही आणि आपण द्यायचं नाही. वॉटीनं ते खेळापुरतं ठेवलं नाही हीच सगळी रड. ऐन नाताळात माझी मोरी तुंबली तर ताटावरून उठून आला, गुडघ्यावर बसून तासभर खपला, पण जाताना केकचा तुकडा देऊ केला तर असा मागे सरला जणू मी त्याला विंचू देतेय. माणूस वाईट नव्हता. पण कुणाकडून काही घेणं त्याला जमायचंच नाही, आणि त्यामुळे कुणी त्याला फार काही देईना.

धाकटा गॅव्हिन मऊ होता. लाघवी, बडबड्या, बापाच्या पाठीमागे बापाची नक्कल करणारा. तो न्यूझीलंडला गेला, तिथे फ्रीज दुरुस्त करायचा, तिथेच लग्न केलं. त्यांची आई गेली तेव्हा गॅव्हिनची पोर नुकती जन्मली होती, दिवस भरायच्या आधीच, काचेच्या पेटीत ठेवलेली. तो आला नाही. कसा येणार? पण वॉटीनं फोनवर पुरतं ऐकूनच घेतलं नाही. "आत्ता येत नाहीस ना, मग कधीच येऊ नकोस," म्हणाला आणि ठेवला. रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. पण गॅव्हिननं ते शब्द धरूनच ठेवले, आणि वॉटीनं ते मागे घेतले नाहीत. ती काचेच्या पेटीतली पोर, मोराग, मोठी झाली, तिचं लग्न झालं, तरी भाऊ भावाशी बोलला नाही.

आणि गेल्या वर्षी मे महिन्यात गॅव्हिनचा मला फोन.

"नेट्टा, खोली आहे का गं? स्पर्धा बघायला येतोय."

"अर्धी पृथ्वी ओलांडून? टीव्ही विकलास का?"

हसला. मग हसू आवरलं. "बायको गेली गं माझी, दोन वर्षं झाली. मोरागचा तिचा संसार आहे. मला घरी यायचंय, कायमचं. वॉटी हो म्हणाला तर मागच्या खोलीत राहीन. दोन म्हातारे एका चुलीवर सूप शिजवू. पण त्यानं मला येऊ नको म्हटलंय. तेव्हा त्याला एवढंच सांग, स्पर्धा बघायला येतोय. बाकीचं मी समोर विचारीन."

मी भिंतीपाशी जाऊन वॉटीला सांगितलं. तो कांद्याच्या वाफ्यात वाकला होता, उठलासुद्धा नाही. "असं का? पाऊस पडणार त्या आठवड्यात," म्हणाला. मला वाटलं, घ्या, हा माणूस नाहीच, दगड आहे. पण दुसऱ्याच दिवशी हा रंगाचा डबा घेऊन घरात शिरताना दिसला. मागच्या खोलीच्या खिडक्या उघड्या, आणि आतून खरवडल्याचा आवाज.

"काय चाललंय रे?"

"ओल आलीय भिंतीला."

"ओल आली म्हणून पडदे पण बदलतात वाटतं?"

"तुला दुसरे उद्योग नाहीत का, नेट्टा?"

मी काय समजायचं ते समजले. एकाला यायचं होतं, दुसऱ्याला तो यायला हवा होता. मधे फक्त एक वाक्य होतं, ते कुणी आधी बोलायचं एवढाच प्रश्न. मी बोलायला गेले नाही, कारण दोघांनीही मला शपथ घातल्यासारखं गप्प केलं होतं, आणि मला खरंच वाटलं की हे आपलं आपण होणार.

गॅव्हिन आला. केस गेलेले, पोट सुटलेलं, पण हसणं तेच. गुरुवारी आणि शुक्रवारी बसनं स्पर्धेला गेला आणि उन्हानं कान भाजून परत आला. माझ्या स्वयंपाकघरात बसून खिमा-बटाटे खाताना त्याची नजर भिंतीपलीकडे. वॉटी दिसला की हात वर करायचा, वॉटी मान हलवायचा. कपाळ माझं! शुक्रवारी संध्याकाळी वॉटी कागदात गुंडाळलेला धुरावलेला हॅडॉक मासा घेऊन माझ्या दाराशी उभा.

"तुझ्या पाहुण्यांसाठी."

"इतक्या वर्षांत मला कधी माशाचं शेपूट दिलं नाहीस तू."

"उद्या संध्याकाळी सगळे तिकडे असतील, मैदान मोकळं आहे," तो दाराच्या चौकटीशी बोलला. "त्याला खेळायचं असलं तर. तूही चल."

"मी कशाला?"

"अशीच."

मी कशाला ते मला ठाऊक होतं. तिसरं माणूस असलं की बोलावं लागत नाही.

शनिवारी निघताना गॅव्हिननं आरशात बघून टाय लावला, मग काढला. "शेवटच्या होलवर विचारणार आहे," म्हणाला. "खेळ संपला की माणूस सैल असतो."

वाऱ्याला धार होती पण ऊन लख्ख. पहिले दोन होल दोघं अनोळखी पाहुण्यांसारखे खेळले, "छान मारलास", "वारा आडवा आहे", एवढंच. तिसऱ्यावर गॅव्हिनचा चेंडू समुद्राकडच्या वाळूत गेला आणि त्यानं एकदम बापाच्या आवाजात बापाचीच शिवी हासडली. वॉटीच्या तोंडून हसू फुटलं. असं हसला की खोकला लागला, आणि गॅव्हिन त्याच्या पाठीवर थोपटत राहिला. मी त्या दोघांकडे पाठ करून समुद्राकडे बघत राहिले, कारण मला रडू येत होतं. त्यानंतर कशी सुटली गाडी! बापानं होडीवर कुत्रा नेला होता तो दिवस, आईचा जळका पाव, शाळेतली मिस डॉड्स आणि तिची मिशी. सहाव्यावर वॉटीनं स्वतःहून विचारलं, "मोराग काय करते?" गॅव्हिननं सांगितलं, ती नर्स आहे, लहान बाळांच्या वॉर्डात. वॉटीनं टोपी सारखी केली. "चांगलं काम आहे," म्हणाला.

शेवटच्या होलला आले तेव्हा बरोबरीत होते. गॅव्हिननं आपला होल पाच टोल्यांत संपवला. वॉटीचा चेंडू तीन टोल्यांत होलपासून छत्रीच्या लांबीएवढा. एक टोला, की सामना त्याचा. सोपा नव्हता, उताराचा होता. वॉटी वाकून उतार बघायला लागला, आणि गॅव्हिननं टोपी काढली, पुढे आला, हात पुढे केला.

"उचल, वॉटी. दिला तुला. तू जिंकलास."

स्मीटनांच्या घरात हे पहिल्यांदा कुणी म्हटलं. मला कळलं, हा चेंडूचं बोलत नाही. आईच्या वेळी आलो नाही, तुला एकट्याला टाकलं, मला माफ कर, हे सगळं त्या पोरानं त्या एका शब्दात भरलं होतं. आम्हा लोकांना असंच बोलता येतं, सरळ येत नाही.

वॉटी उठला. मानेपासून कानापर्यंत लाल. "मला भीक नको," म्हणाला.

"भीक कसली रे..."

"आपल्यात कुणी देत नाही. सरक."

मी ओरडले, "अरे गाढवा, दिलेला नाकारता येत नाही, नियमच आहे तसा! दिला की सामना संपला." माझा नवरा क्लबचा सेक्रेटरी होता, मला पाठ आहे. वॉटीलाही पाठ होतं.

पण त्यानं मारला. हुकला. परत मारला, तो पडला. चेंडू उचलून खिशात टाकला. "बरोबरी," म्हणाला, आणि गॅव्हिनचा हात अजून तसाच पुढे होता, त्याच्याकडे न बघता पिशवी खांद्याला लावून चालायला लागला. गॅव्हिननं तो हात परत घेतला आणि त्याच हातानं टोपी घातली.

"अरे, जा ना पाठीमागे! विचार!" मी त्याला ढकललं.

"काय विचारू, नेट्टा? माझ्याकडून एक टोला घेत नाही तो. मला घरात घेईल?"

मी रविवारभर त्याच्यामागे भुणभुण लावली. भिंतीपाशी उभी राहून वॉटीलाही हाका मारल्या, पण तो दार लावून बसला होता. सोमवारी पहाटेच्या बसनं गॅव्हिन गेला. आणि नऊच्या सुमारास वॉटी माझ्या दारात. दाढी केलेली, चर्चचा शर्ट, हातात मागच्या खोलीची किल्ली.

"उठला का तो?"

"गेला."

"स्पर्धा तर कालच संपली."

"मग? कुणासाठी थांबणार होता?"

तो किल्लीकडे बघत राहिला. "रंगाचा वास जात नव्हता गं. काल दिवसभर खिडक्या उघड्या ठेवल्या. म्हटलं, वास गेला की बोलवू."

मला असा संताप आला! "फोन कर. आत्ता कर. विमानात बसला असेल तर उतरल्यावर कर." तो म्हणाला, करतो. मग म्हणाला, रविवारी करतो, रविवारी तो घरी असेल. मग म्हणाला, तिकडे आत्ता थंडी असते, उन्हाळा लागला की करतो, तेव्हा माणूस यायच्या तयारीत असतो. प्रत्येक वेळी मी दात-ओठ खाल्ले आणि प्रत्येक वेळी तो मान हलवून गेला. काय बोलायचं ते तो मनात घोळवत होता हे मला दिसायचं. वाफ्यात वाकून ओठ हलायचे.

फेब्रुवारीत मोरागचा फोन आला. तिच्याकडे नंबर माझाच होता. मी भिंतीवरून ओरडून वॉटीला बोलावलं, तो मातीच्या हातांनी आला. गॅव्हिन बागेत खुर्चीवर बसल्या बसल्या गेला होता. मला तिचा आवाज रिसीव्हरच्या बाहेरपर्यंत ऐकू येत होता, बापासारखाच मोकळा.

"काका, बाबांनी सगळ्यांना सांगितलं होतं, तुम्ही त्यांना हरवलंत म्हणून. शेवटच्या होलवर. फार खूश होते त्या गोष्टीवर."

"नाही नाही," वॉटी म्हणाला. "बरोबरी झाली होती." रडणाऱ्या पोरीशी हा माणूस हुज्जत घालत होता!

"बाबा म्हणायचे, मी दिला होता, म्हणजे तो जिंकला. नियमच आहे ना तसा?"

वॉटी खुर्चीवर बसला. रिसीव्हर कानाला तसाच. म्हणाला, "हो. नियम तसाच आहे." मग त्याचा चेहरा असा कोसळला की मला बघवेना. मी आयुष्यात त्याला रडताना पाहिलं नव्हतं. "दिला होता त्यानं, पोरी. दिला होता. मीच घेतला नाही."

ती तिकडे काही बोलली, बहुतेक त्याची समजूत घालत होती. आणि मग वॉटी बोलला. अडखळला नाही, घसा खाकरला नाही, चौकटीकडे बघितलं नाही. ज्या मुलीचं त्यानं तोंडही पाहिलं नव्हतं तिला एका दमात म्हणाला, "घरात एक खोली आहे. रंगवून ठेवलीय. तुला वाटेल तेव्हा ये, हवी तितकी राहा."

"बघू हं काका, मुलं जरा मोठी होऊ देत," मोराग म्हणाली. लाघवी पोर आहे. पण ती येणार नाही, तिचं सगळं तिकडे आहे, हे मलाही कळलं आणि त्यालाही.

एवढंच वाक्य होतं. मी समोर बसून ऐकलं, चहा ओतायलाही याहून जास्त वेळ लागतो.