निळ्या ठिपक्याचा बल्ब

मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो आणि आमच्या गाडीच्या छतातला एक बल्ब बदलायला मला चार दिवस लागले. (पाचव्या दिवशी तो पुन्हा पहिल्यासारखा केला. तो दिवस यात धरलेला नाही.)

गाडी बाबांची. चौकोनी, पांढरी आणि हिवाळ्यात बाबांसारखीच तीनदा खोकून मग उठणारी. बाबांना जाऊन सहा वर्षं झाली, गाडी आहे. तिच्या छतात करंगळीच्या पेराएवढा एक काचेचा बल्ब होता आणि त्याला आयुष्यात एकच काम होतं. आमचं घर पवनारला. कुठल्याही गावाहून परतताना दिवेलागणीची वेळ रस्त्यातच झाली की आईचा जीव कासावीस व्हायचा. "घरी दिवा नाई लागला अन् आपण रस्त्यानं फिरून राह्यलो!" मग बाबा धाम नदीच्या पुलाअलीकडे गाडी बाजूला घ्यायचे, छतातलं बटण दाबायचे आणि म्हणायचे, "घ्या, लावला तुमचा दिवा."

आई हात जोडायची. मागच्या सीटवर ताई आणि मीही जोडायचो. आमचे हात सुटायच्या आत बाबांनी दिवा बंद केलेला असायचा. "बॅटरी उतरते!"

त्या उजेडात पुस्तक वाचायचं नाही, हरवलेली चप्पल शोधायची नाही. म्हणूनच बल्ब इतकी वर्षं टिकला. बाबांनी त्याच्या पितळी टोपीवर निळ्या ऑइलपेंटचा ठिपकाही दिला होता. घरातल्या बादल्या, छत्र्या, विळे, सगळ्यांवर तोच ठिपका. (मी लहानपणी जत्रेत एकदाही हरवलो नाही, म्हणून माझं कपाळ वाचलं.)

तर, आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचं ठरलं. सावंगीच्या दवाखान्यात ताई तिच्याजवळ राहणार होती. माझ्या मनात आलं, आईला नवा डोळा मिळतोय, तर गाडीलाही नवा उजेड मिळायला हवा. मी वर्ध्याहून एलईडी आणला.

"मिस्त्रीले दाखवा," माझी बायको सुनंदा म्हणाली.

"एका बल्बासाठी मिस्त्री? मी विज्ञानाचा शिक्षक आहे!"

"म्हणूनच म्हणून राह्यली."

मी तिच्या उलथण्यानं छतातलं झाकण उचकटलं, जुना बल्ब काढला, एलईडी बसवला, बटण दाबलं. अंधार! दुकानदारानं खराब माल दिला, असा निष्कर्ष काढून मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या दुकानातून दुसरा आणला. अंधार! तिसऱ्या दिवशी तिसरा. तोही मेलेला! आता वर्ध्यातली सगळी दुकानं मिळून एका शिक्षकाविरुद्ध कट करतील हे शक्य नव्हतं. म्हणजे दोष गाडीच्या वायरिंगमध्ये होता. तो शोधायला मी उलथणं आत घातलं. एक निळी ठिणगी उडाली, 'फट्' असा आवाज झाला आणि गाडीचा हॉर्न कायमचा गप्प झाला.

"बल्ब छतात, अन् हॉर्न काऊन गेला?" सुनंदानं विचारलं.

"दोघांचा फ्यूज एकच असणार," मी गंभीरपणे म्हणालो. (विज्ञानाचं असं असतं. गेल्यावर कारण लगेच सापडतं.)

चौथ्या दिवशी बबन मिस्त्रीकडे जाताना सुनंदा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडत होती, "सरका हो, सरका! आमचं पोंगाडं बंद हाय!" इतक्या वर्षांत आमच्या गाडीला लोकांनी इतक्या तत्परतेनं वाट कधीच दिली नव्हती.

बबन माझाच जुना विद्यार्थी. आता त्याची स्वतःची पोरं शाळेत जातात. त्यानं फ्यूज बदलला, एलईडी छतातून काढला आणि फिरवून, तिकडचं टोक इकडे करून, परत बसवला. लख्ख उजेड पडला!

"सर," तो अतिशय नम्रपणे म्हणाला, "याच्यातून करंट एकाच बाजूनं जाते. तुमीच शिकवलं होतं. दहावीत."

"हो का? छान लक्षात ठेवलंस!"

"कसं नाई ठेवणार सर, त्याच प्रश्नात नापास केलतं नं तुमी मले. हा जुना बल्ब काय करू?"

"फेकून दे," मी म्हणालो. विषय बदलायची घाई झाली होती.

संध्याकाळी मी अंगणात गाडी उभी करून सगळ्या शेजाऱ्यांना उजेड दाखवला. तास-दीड तास दाखवला. उजेड दवाखान्यातल्यासारखा इतका पांढरा की शेजारच्या काकांनी नकळत आऽऽ केला आणि जीभ बाहेर काढली. पण त्या उजेडात एक गंमत झाली. बाबांच्या दिव्यानं जे इतकी वर्षं पोटात ठेवलं होतं, ते सगळं बाहेर आलं! सीटच्या शिवणीत गोरसपाक बिस्किटांचा चुरा. ताईनं घाटात केलेल्या ओकारीचा भारताच्या नकाशासारखा डाग. बाबांच्या डोक्याच्या तेलानं काळवंडलेली सीटची कड. आणि वर, छताच्या कापडाला चिकटवून ठेवलेली आईची एक लाल टिकली.

तेवढ्यात ताईचा फोन आला.

"राजू, ऑपरेशन मस्त झालं. उद्या पट्टी निघते. आई म्हणते, निघायचं तं सांजेलेच निघू. पुलापाशी ह्यांचा दिवा लावजो म्हणे. इतक्या दिवसांत धड दिसलाच नाई, आता नव्या डोळ्यानं पहिला नमस्कार त्यालेच करीन म्हणते."

माझे सगळे फ्यूज एकदम उडाले!

पाचव्या दिवशी सकाळी सातला मी बबनच्या दारात होतो. फेकून दे म्हटलेलं बबन कधीच फेकत नाही, हे माझं भाग्य. त्यानं तुपाचा जुना डबा जमिनीवर पालथा केला. शेकडो बल्ब! सगळे एकाच आईचे वाटावेत असे. मी मांडी घालून एकेक टोपी उजेडात धरू लागलो. बबन चहा पीत वर उभा होता.

"घाई नका करू सर. पेपर आरामात सोडवा. वेळ वाढवून देतो."

अर्ध्या तासानं निळा ठिपका सापडला. मी तो बल्ब कपाळाला लावला. बबननं न हसता तो छतात बसवून दिला.

संध्याकाळी सावंगीहून निघालो. आई काळा चष्मा लावून मागे, ताईशेजारी. सुनंदा माझ्या बाजूला. पुलाअलीकडे मी गाडी बाजूला घेतली, बंद केली, घसा साफ केला आणि बटण दाबलं.

"घे आई, लावला तुझा दिवा."

आईनं चष्मा कपाळावर चढवला. वर पाहिलं. पाहतच राहिली. मग म्हणाली, "राज्या, दिवा बदलला तू."

"नाही आई! तोच आहे!"

"मले नोको शिकवू. ह्यांचा दिवा हळदीसारखा पिवळा होता. हा पांढरा हाय. सुनंदा, तू सांग खरं."

सुनंदा खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "आता आई, चार दिवस हे काईतरी करून राह्यले होते खरे."

मी निळा ठिपका दाखवायला तावातावानं बल्ब पकडला. तो तापला होता! मी बोंब मारून बोट तोंडात घातलं. आईचं लक्षच नव्हतं. तिनं तळहातानं उजवा डोळा झाकला होता.

"थांब थांब. आता हाय पिवळा!" हात काढला. "पांढरा." झाकला. "पिवळा!"

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. (सरळ बाजूनं.) मोतीबिंदूनं आईची नजरच पिवळी झाली होती, आणि डाव्या डोळ्यातला अजून तसाच होता. बाबांच्या दिव्यातली निम्मी हळद तिच्या डोळ्यातली होती. मी हे तिला वर्गात समजावतो तसं समजावलं.

"तुह्यं सायन्स तुह्यापाशी ठेव," ती म्हणाली. उजवा डोळा मिटला, डाव्यानं वर पाहिलं आणि हात जोडले. बराच वेळ जोडलेलेच. नमस्कार संपला तरी ती बाबांच्या गोष्टी सांगत राहिली, ताई हसत राहिली, रडत राहिली. माझा हात बटणाकडे गेला आणि तोंडातून हुबेहूब बाबांचा आवाज निघाला, "बॅटरी उतरते!"

"उतरू दे आज," आई म्हणाली.

उतरली.

(आदल्या संध्याकाळचं माझं प्रदर्शन बॅटरीला आधीच भोवलं होतं.) किल्ली फिरवली, तर गाडी खोकलीसुद्धा नाही. शेवटी सुनंदा स्टिअरिंगवर बसली आणि ताई आणि मी मागून ढकलू लागलो. आई मागच्या काचेतून वळून, चष्मा वर करून, नव्या डोळ्यानं मला निरखत होती. बाजूची काच खाली करून ती कळवळून ओरडली,

"राज्या! तुह्ये केस कवा रे इतके पांढरे झाले?"

मी धापा टाकत ओरडलो, "आई, तो डोळा मिट! मलेही डाव्यानंच पाह्य!"