न केलेले दोन पुकारे

"पुकारलंच नाही मला! सकाळपासून त्या लिंबाखाली बसलेय, पाणी प्यायलासुद्धा उठले नाही!" सुमनकाकू धारच्या कोर्टात, थेट साहेबांसमोर ओरडत होत्या. आणि मी? मी दाराशी उभा राहून छताचा पंखा बघत होतो.

हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, भिया. बायकोलाही नाही. पोटात एक गोष्ट राहिली तर ज्याला करपट ढेकर येतात, असा मी माणूस — आणि ही एवढी एक आठ वर्षं गिळून बसलोय.

माझं काम पुकाऱ्याचं. दारात उभं राहून पक्षकाराचं नाव तीनदा घ्यायचं. तिसऱ्या पुकाऱ्यालाही कोणी आलं नाही, तर दावा खारीज. आवाज असा, की मी धारला ओरडलो तर तिकडे नालछा गावात म्हशी पान्हा सोडायच्या! — बरं, म्हशी सोडा. लिंबापर्यंत तर सहज जायचा. लिंब काय, पन्नास पावलांवर.

आणि आमचे जजसाहेब! देवासला होते तेव्हा सख्ख्या मेहुण्याची गाडी कोर्टाच्या फाटकात आडवी दिसली, तर हवालदाराला बोलावून चलान करवलं. हे खरं. मेहुणा त्यानंतर बारा दिवाळ्या घरी आला नाही — हे माझ्या पदरचं. डबा घरचा, यायचं बसने, मिठाईचा खोका आला की परत. अर्धं नाव त्यांनी कमावलं, उरलेलं अर्धं मी चहाच्या टपरीवर वाटलं. लोक ऐकायचे, साहेबांना लांबूनच हात जोडायचे. मला वाटायचं, थोडा नमस्कार मलाही आहे.

त्या दिवशी तेच चाललं होतं. व्हरांड्यात सात-आठ जण घेरून बसलेले आणि मेहुण्याची गोष्ट अगदी रंगात — मेहुणा साहेबांच्या पायाशी पडलाय, साहेब फाइलीतून मान वर करत नाहीयेत... आणि नेमकी आतून बाबूची हाक, "भिया, पुकारो!" नाव सुमनकाकूंचं. दिराने त्यांच्या दोन खोल्यांना कुलूप घातलं होतं, त्याचा दावा. विधवा बाई, भाच्याच्या ओसरीवर दिवस काढत होती.

मी काय केलं? मान न वळवता, भिंतीकडे तोंड करून एकदाच नाव घेतलं. तेही कसं — जांभई द्यावी तसं. आणि पुढे? पुढे मेहुण्याला रडवला. लोक खदाखदा हसले. वकील काकूंचा दुसऱ्या कोर्टात अडकलेला. आत दावा खारीज झाला.

मग काकू आल्या, ओरडल्या. साहेबांनी त्यांना गप्प केलं नाही. अर्ज द्या म्हणाले, पुकारा झाला नसेल तर दावा पुन्हा उभा राहील. अर्ज आला तेव्हा साहेबांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. तीनदा पुकारलंस? — एवढंच. एक 'नाही' म्हणायचं होतं. नोकरी गेली नसती, फार तर कान उपटले असते. पण साहेबांच्या तोंडून, सगळ्यांसमोर? ज्यांच्या गोष्टींवर मी छाती फुगवत होतो, त्यांच्यासमोर माझीच लाज निघणार?

"तीनदा, साहेब. चांगलं खणखणीत."

माझ्या गोष्टींत इतकी सफाई कधी नव्हती. साहेबांनी विश्वास ठेवला. अर्ज नामंजूर.

साहेब पुढे निवृत्त झाले, देवासला टेकडीच्या पायथ्याशी राहतात. निरोप समारंभात त्यांच्या सचोटीवर मीच बोललो. टाळ्या पडल्या. खाली गेलेली मान वर करायला मला जड गेलं — पण केली, आणि आणखी एक किस्सा सांगितला.

अर्ज फेटाळला त्या दुपारी मी काकूंच्या मागे फाटकापर्यंत गेलो होतो. काय सांगणार होतो, देव जाणे. तोंडातून निघालं ते एवढंच, की काकू, वरच्या कोर्टात जा, तिथे ऐकतील.

त्यांनी पिशवी खांद्याला लावली.

"नको. साहेबांनी लिहिलंय तर पुकारलं असेल. मलाच ऐकू आलं नाही."