अक्कांच्या आठवणीतला वाकडा दात

हणमंतअण्णांच्या तोंडात नवी कवळी होती, हातात आरसा होता, आणि त्यांच्या पत्नी तुळजाक्का मात्र खिडकीबाहेर बघत होत्या. एकोणीसशे साठचं दशक नुकतंच लागलं होतं. मी साताऱ्याहून आलेला नवखा डेंटिस्ट, बंगळूरच्या शिवाजीनगरात एका सीनियर डॉक्टरांच्या क्लिनिकमध्ये नोकरीला. अण्णा इथले पिढ्यान्‌पिढ्यांचे मराठी. त्यांच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

त्या दिवशी ट्रायल होती. ट्रायलला दात अजून गुलाबी मेणात असतात. तोंडात घालून बघायचे, हवे तसे सरकवायचे. मेणाच्या जागी कडक अॅक्रिलिक आलं की मग ब्रह्मदेव आला तरी दात हलत नाही. म्हणून ट्रायलला घरचं माणूस बोलवायचं, ही आमच्या सरांची शिस्त.

सरांनी अण्णांचे ओठ बाजूला सारून पाहिलं. समोरच्या दोन दातांमधली रेघ नाकाच्या बरोबर खाली, दोन्ही बाजू सारख्या. "फर्स्ट क्लास," म्हणाले आणि गेले. अण्णाही खूश होते. माझं ते पहिलंच पूर्ण कवळीचं काम, त्यामुळे मी हवेतच होतो. अक्कांना विचारलं, कसं वाटतं?

"छान आहेत की," त्या म्हणाल्या. "फक्त हे हसले तर ओळखू येत नाहीत."

दात गेल्यापासून अण्णा हसलेच नव्हते, असं अक्कांनी सांगितलं. मी जुना फोटो मागितला. होता, पण तोंड मिटलेला. तेव्हा सगळे तसेच फोटो काढत. मग मी कवळी काढून घेतली, स्पिरिटचा दिवा पेटवला आणि म्हटलं, अक्का, आठवेल तसं सांगा.

दुपार उतरत होती. खालच्या बाजाराचा गलका वर येईपर्यंत विरून जायचा. खोलीत तापल्या मेणाचा वास भरला होता. अक्कांनी डोळे मिटले.

"हा, सुळ्याशेजारचा. स्वल्प आत घ्या. जास्त झालं. आता थोडा वळवा."

मऊ मेणात मी दात सरकवत होतो आणि त्या कुठल्या तरी लांबच्या अंगणात उभ्या राहून बघत होत्या. हळूहळू मलाही ते अंगण दिसायला लागलं, तिथलं ऊनसुद्धा. किती वेळ गेला कुणास ठाऊक. फार सुख वाटत होतं.

अण्णांनी कवळी घालून आरशात पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला.

"हाच तो दात," ते म्हणाले. "ह्याच्यापायी जन्मभर तोंडावर हात धरून हसलो. देवानं सोडवलं, तर तुम्ही पुन्हा बसवता?"

घ्या, मी मनात म्हटलं, आणि दिवा पुन्हा जवळ ओढला. तेव्हा अक्का नवऱ्याकडे न बघता मलाच सांगू लागल्या.

"डॉक्टर, हे मला बघायला आले तेव्हा माझ्या हातून चिवड्याची बशी पडली. सगळे वडीलधारे गप्प झाले. हे एकटे हसले, हात वर जायच्या आत. तो दात बघून मी हो म्हटलं."

"कधी बोलली नाहीस," अण्णा म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलंत?"

मी उगाच दिव्याची वात खालीवर करत राहिलो. अण्णा बराच वेळ आरशात बघत होते. मग आरसा माझ्याकडे देऊन म्हणाले, "सरी, ठीक आहे. असू दे असाच."

तो वाकडा दात पाहून सरांनी कपाळाला हात लावला. हे काम आपल्या क्लिनिकचं म्हणून कुणाला सांगू नकोस, असंही बजावलं.

लग्नाला मी गेलो. आपल्या कामाचं कुणीतरी कौतुक करील म्हणून कान टवकारून बसलो होतो. अण्णा दिवसभर हसत होते, पण दातांबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी जेवणाच्या पंगतीत अण्णांचे व्याही माझ्याकडे वळले. "तुम्ही दातांचे डॉक्टर ना? आमच्या व्याह्यांचे बघा, ह्या वयातही स्वतःचे आहेत. अशा माणसांमुळं तुमचा धंदा बसायचा."

मी मान हलवली आणि जेवू लागलो. कवळीची लोकांनी तारीफ केली, तर समजावं, कुठंतरी चुकलं आहे.