पुसलेल्या हलक्या थापा

लवूचा उजवा हात माणसांच्या तोंडावर पडायला आधी शिकला, मृदंगावर नंतर. असं त्याची बायको जानकीच म्हणायची, आणि त्या हाताची चव तिनेही घेतलेली होती. घाटकोपरच्या डोंगरावर, चढणीला त्यांची खोली. संगमेश्वराकडच्या माणसांचं तिथे शक्ती-तुऱ्याचं मंडळ होतं. दोन पक्ष समोरासमोर बसायचे, एकाने गाण्यातून टोचायचं, दुसऱ्याने गाण्यातूनच त्याचं उत्तर द्यायचं. लवू अठरा वर्षं शक्तीवाल्यांचा मृदंग वाजवत होता. त्याची थाप पहिल्या रांगेतल्या माणसाच्या छातीत बुक्कीसारखी बसायची.

दोन वर्षांपूर्वी तुरेवाल्यांच्या चंद्रप्रकाशने ऐन रंगात लवूच्या मेलेल्या आईवरून एक ओळ म्हटली. लवू मृदंग ओलांडून गेला आणि त्याने चंद्रप्रकाशचे पुढचे दोन दात पाडले. सामना तिथेच मोडला. सभागृहाच्या मागे चंद्रप्रकाशच्या माणसांनी लवूला आडवा केला, त्याचा उजवा पंजा उंबऱ्यावर ठेवला आणि लोखंडी शटर खाली ओढलं. एकदा नाही, दोनदा. आवाज कसा झाला असं कोणी विचारलं, तर लवू शांतपणे सांगायचा, "चुलीत काजू फुटतो ना, तसा."

पोलिसांत कोणी गेलं नाही. दोन्हीकडे रक्त होतं.

डॉक्टरांनी बोटांत तारा घातल्या. हाडं जुळली, पण मूठ वळेना. जोर दिला की कोपरापर्यंत वीज जायची. मंडळाने मृदंगावर सुयोगला बसवलं. पंचविशीचा, हाताने चांगला, तोंडाने वाईट. तो एकदा तालमीत म्हणाला, "काका, तुम्ही आता टाळ घ्या. तुटलेल्या हातानेही वाजतो तो." लवूने डाव्या हाताने त्याची मानगूट धरली आणि कपाळ भिंतीवर आपटलं. तीन टाके पडले.

मंडळाचे शाहीर श्यामकांतबुवा थोडं बोलणारे. ते म्हणाले, "लवू, अजून एकदा हात उचललास तर मंडळ विसर."

"मग मी वाजवू कशाने, बुवा?"

"ते तू बघ. मुलुंडचा सामना आहे, समोर चंद्रप्रकाशच. तोवर काही उभं केलंस तर जागा तुझी. नाहीतर सुयोगची."

विजेवरचा ऑक्टोपॅड वाजवायचा तर काठी धरायला मूठ हवी. तेव्हा लवूला टॅब्लेट आठवला. जानकी पार्ल्याला जयंतीबाईंकडे स्वयंपाक करायची. बाईंनी नातवाचा सात वर्षं जुना टॅब्लेट तिला दिला होता, कोपऱ्यातली काच तडकलेला. लवूने त्यात संगीताचं सॉफ्टवेअर घातलं. काचेवर चौकोन दिसायचे, चौकोनावर बोट टेकलं की आवाज. आवाज तो स्वतःचेच घालणार होता. तालमींची जुनी रेकॉर्डिंगं मंडळाच्या पेनड्राइव्हवर होती. त्यातून तो एकेक थाप कापत बसला. प्रत्येक थाप त्याला ओळखू यायची: ही भावाशी भांडून आलो त्या दिवशीची, ही कामावरच्या मुकादमाचं नाक फोडलं त्या आठवड्यातली.

सॉफ्टवेअर म्हणजे भस्म्या रोग झालेला पाहुणा. यजमान म्हातारा, याची भूक संपेना. चारशे थापा भरल्या की टॅब्लेट तव्यासारखा तापायचा, आवाज तडतडायचा आणि सगळं आपोआप बंद पडायचं. लवूने इंटरनेट तोडलं, बाकी सगळी ॲपं काढली, पाठीवरचं कव्हर सोलून फेकलं. कोळणीकडून बर्फ आणून परातीत ठेवला, वर प्लास्टिक अंथरलं आणि त्यावर टॅब्लेट. तडतड थांबावी म्हणून सेटिंग बदललं, तर बोट आत्ता पडायचं आणि थाप मागून यायची. एकदा त्याने टॅब्लेट भिंतीवर मारायला उचलला. जानकीने डोळे मिटले. त्याने तो खाली ठेवला आणि दार इतक्या जोरात ओढलं की बिजागरी निखळली.

शेवटी एकच उपाय उरला. ओझं कमी करायचं, थापा पुसायच्या. लवू हलक्या पुसू लागला.

जानकी भाजी निवडत होती. "हलक्या का काढताय?"

"जडवर सामना जिंकतात. हलकी लागली तर जडचाच आवाज कमी करायचा. तेवढं कळतं मला."

"या घरात तुमची हलकी थाप मिळाली ती फक्त मृदंगालाच," ती मान वर न करता म्हणाली. "तीही पुसताय."

लवूने तिच्याकडे पाहिलं. हात वर गेला नाही, पण बोटं आखडली. मग त्याने राहिलेल्या सगळ्या पुसल्या. टॅब्लेट घोड्यासारखा धावू लागला.

मुलुंडच्या सभागृहात रविवारी दुपारी गर्दी होती. लवूने मांडीवर परात घेतली, परातीत बर्फ, बर्फावर टॅब्लेट, त्याची वायर सभागृहाच्या स्पीकरला. शेजारी सुयोग मृदंग पुढ्यात घेऊन बसला, गिधाडासारखा. तिसऱ्या रांगेत जानकी. बुवांनी गण सुरू केला. गण म्हणजे गणपतीला हात जोडणं, त्याला मृदंग नुसता कुरवाळायचा असतो. लवूने आवाज अगदी खाली आणला आणि बोटं टेकली.

यंत्र अडकलं नाही. पण दबलेल्या आवाजातली बुक्की ही बुक्कीच असते. शेजारच्या खोलीत कोणी कोणाला बडवावं, आणि भिंतीतून ऐकू यावं, तसा तो गण वाजू लागला. आधी एक जण हसला, मग रांगच्या रांग. समोरून चंद्रप्रकाश म्हणाला, "अरे, देवाला तरी सोड."

लवूच्या डोळ्यांपुढे लाल झालं. पुन्हा दात, पुन्हा शटर, सगळं हाताच्या अंतरावर होतं. बुवा गाता गाता त्याच्याकडे बघत होते. गणाचं पहिलं कडवं संपायला आलं होतं. लवू सुयोगकडे वळला.

"दे."

सुयोगने मृदंग धरून ठेवला. मग लवूचा चेहरा बघून त्याचा हात आपसूक कपाळावरच्या टाक्यांच्या वणाकडे गेला. त्याने मृदंग सोडला.

लवूने परात बाजूला सरकवली, मृदंग पुढ्यात ओढला आणि उजवा हात कातड्यावर ठेवला. जोराची थाप त्या हातात उरलीच नव्हती. उरली होती ती फक्त हलकी, तारांनी ताठ झालेल्या बोटांची. दुसऱ्या कडव्याला एका तारेचं टोक आतून टोचू लागलं, तिसऱ्याला कातडी फुटली आणि मृदंगाच्या काळ्या शाईवर रक्त पसरलं. लवूने दात आवळले, पण हात हलकाच ठेवला. हसू विझलं. गण पुरा झाला तेव्हा सभागृहात खुर्चीसुद्धा करकरली नाही.

मग सवालांची पाळी आली. लवूने परात पुन्हा मांडीवर घेतली आणि टॅब्लेटचा आवाज पार वर चढवला. चंद्रप्रकाशने मोडक्या पंजावर एक ओळ टाकली, पाडलेल्या दातांच्या फटीतून शीळ घालत. बुवांनी उत्तराची ओळ फेकली, आणि लवूने डाव्या अंगठ्याने टॅब्लेटवरची सगळ्यात जड थाप सोडली, मुकादमाच्या आठवड्यातली. काचेची तड या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, पण थाप आली. चंद्रप्रकाशची पुढची ओळ घशातच राहिली. लोक उठून उभे राहिले.

बुवा वाकून त्याच्या कानाशी म्हणाले, "जागा तुझी. थांबू नकोस, मार."

लवूने अंगठा उचलला आणि समोर पाहिलं. उभ्या माणसांच्या मधून तिसरी रांग दिसत होती. सगळे टाळ्या पिटत होते. जानकी तेवढी खुर्चीत बसून होती, मान खांद्यांत ओढून, एक हात कानावर आडवा धरून, घरी बसायची तशी.

अंगठा काचेवर तसाच अधांतरी राहिला. परातीतल्या वितळलेल्या बर्फाचं पाणी काठावरून सांडून त्याची मांडी भिजत होती. बुवा पुन्हा म्हणाले, "मार, लवू."

त्याने मारली.