ढगे ग्रामसेवकांचे सात पाटील

मोतीराम ढगे आमच्या गावाचे ग्रामसेवक होते तेव्हाची ही गोष्ट. महाराष्ट्र होऊन सहा-सात वर्षं झाली होती आणि संग्रामपूरच्या अलीकडच्या त्या गावात मी शाळेवर नेमणूक होऊन आले होते. गाव मला 'बाई' म्हणायचं. मी गावाला मनातल्या मनात काय म्हणायचे ते इथे लिहीत नाही, कारण त्यातले बरेच जण अजून हयात आहेत.

ढगे म्हणजे तुराटीसारखा वाळका माणूस. त्यांच्या सायकलीला घंटी नव्हती आणि तिची गरजही नव्हती, कारण ढग्यांचा आवाज नाकातून यायचा आणि वेशीपर्यंत जायचा. त्या आवाजात सूर एकच होता, परिपत्रकाचा. दर गुरुवारी संध्याकाळी ते चावडीत सरकारची परिपत्रकं वाचून दाखवत. विहिरीत औषध टाकणे, उंदीर मारणे, जनावरांना टोचून घेणे, सगळं त्याच सुरात. ही सवय घरीही सुटत नसे. त्यांची बायको तानुबाई मला एकदा म्हणाली, "बाई, लोकायचे नवरे भूक लागली म्हनतेत. आमचे म्हनतेत, भोजन तयार असल्यास तात्काळ कळवावे." मुलगी झाली तेव्हा ढगे पेढे घेऊन माझ्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "दिनांक चौदा रोजी कन्यारत्न प्राप्त झाले असून माता व बालक यांची प्रकृती समाधानकारक आहे. सबब पेढे." मी पेढा घेतला. पोच द्यायची तेवढी राहिली.

तर अशा माणसाने कादंबरी लिहिली.

त्याला कारण झाली संकरित ज्वारी. त्या वर्षी सरकारने नवं बियाणं पाठवलं होतं आणि ढग्यांनी बांधाबांधाने फिरून ते गावाच्या गळी उतरवलं होतं. दसऱ्याच्या आधी कणसं भरली, गाव खूश झालं. ढगे मात्र पीक बघून आले ते शाळेच्या ओट्यावर मटकन बसले. घाबरले की ते सरकारी भाषा विसरत.

"बाई, सारी ज्वारी एका उंचीची हाय. एकबी ताट उंच नाही, एकबी बुटकं नाही. मले भेव वाटून राह्यलं."

"ज्वारीचं?"

"मानसाचं."

मग त्यांनी खिशातून वर्तमानपत्राचा चुरगळलेला तुकडा काढला. नांदुऱ्याहून दोन दिवस शिळा होऊन आमच्याकडे पेपर यायचा. त्यात होतं की परदेशात एका शास्त्रज्ञाने बेडकाच्या अंगातला कण घेऊन हुबेहूब तसेच बेडूक तयार केले. "आज बेडूक, उद्या मानूस," ढगे म्हणाले, "अन् कोनाचे मानसं करतीन? ज्याच्या हातात सत्ता हाय त्याचेच न!" मला हसू आलं. पण खरं सांगते, त्या माणसाला जे दिसलं ते आमच्या जिल्ह्यात तेव्हा दुसऱ्या कोणाला दिसलं नव्हतं.

चार महिन्यांनी त्यांनी तीन वह्या माझ्यापुढे ठेवल्या. सातवीच्या पोरापोरींसाठी लिहिलंय, म्हणाले. मी पहिलं वाक्य वाचलं: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, सन २०३१ पासून मौजे अमुकतमुक येथे माणसांची रोपे तयार करण्याचे काम सुरू झाले आहे."

पुढे सगळं त्याच चालीवर. गावच्या पाटलाच्या नखातला कण घेऊन रोपवाटिकेत सात पाटील काढतात. सातही पाटलांना एकाच हातची भाकर लागते, "सबब सदर हाताच्याही सात प्रती तयार करण्यात आल्या." म्हणजे हुबेहूब पाटलीणबाईसारख्या सात मुली. त्यातली तिसरी सोळा वर्षांची. तिला नाव नाही, नुसतं तिसरी. तिला रोज मूळ पाटलीणबाई दाखवायला नेतात, पुढे कसं व्हायचं ते कळावं म्हणून. एक दिवस ती पळ काढते, पूर्णा नदीच्या काठाशी येते, नदीला पूर असतो, आणि तिथे वही संपते.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढलं सुचून नाही राह्यलं. पन बाई, भेव वाटलं का तुमाले?"

मी तेव्हा पंचविशीची होते आणि जीभ आवरत नव्हती. म्हटलं, "ढगे, ही कादंबरी नाही, परिपत्रक आहे. मला झोप आली."

त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझीच लाज वाटली. वह्या उचलता उचलता ते म्हणाले, "मले नाव नोको, पैसा नोको. एका मानसाच्या पोटात गोळा आला पायजे, बस. नाही त मी जनमभर उंदीर मारायचेच कागद वाचले म्हना." एवढीच त्यांची मागणी होती.

माझ्याकडे डाळ शिजली नाही तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढली. गुरुवारी चावडीत बियाण्याचं परिपत्रक संपलं, कोणी उठायच्या आत त्यांनी पहिली वही उघडली आणि दम न घेता, तोच सूर धरून, सात पाटलांपर्यंत वाचून काढलं. लोक शांत बसले होते. ढग्यांना वाटलं, घाबरले.

माणिकराव पाटील पुढे बसले होते. साठीचे, पिळदार मिशांचे, नव्वद एकरांचे धनी. त्यांनी घसा साफ केला.

"ग्रामसेवक, याचा फॉर्म कुठी भेटते?"

झालं! ज्या तोंडाने बारा वर्षं योजना सांगितल्या त्याच तोंडाने ही सांगितली, गावाने ती योजनाच धरली. यात गावाचा काय दोष? ज्वारीची गोष्ट तरी आधी कोणाला खरी वाटली होती! ढगे ओरडत राहिले, "अहो कथा हाय, कथा! भेव वाटाले पायजे!" तोवर माणिकराव म्हणाले, "भेव कायचं? सात जन असले त सात वावरात एकाच टायमाले उभा राहीन मी." आणि चावडीने माना डोलावल्या.

पुढचे आठ दिवस मी शाळेतून गंमत बघत होते. अर्जुनराव वांगी-मिरच्या पिकवायचा. त्याला स्वतःची एक प्रत हवी होती, ती मळ्यात राबेल आणि हा झोपेल. मग त्याच्या ध्यानात आलं की प्रतही अर्जुनरावच असणार, तेव्हा तीही झोपेल. तो दोन दिवस बांधावर डोकं धरून बसला आणि शेवटी तीन प्रतींचा अर्ज घेऊन आला, एखादी तरी चुकून उठेल म्हणून. शालूबाईला तिच्या गायीची प्रत हवी होती. ढग्यांनी विचारलं, "अन् मालकाची?" ती म्हणाली, "एक निभावला थेच लय झालं." अंगातला कण लागतो असं वाचलं होतं, म्हणून लोक कागदाच्या पुड्यांत नखं आणि केस आणून देऊ लागले. दयाराम कोतवालाने त्या पुड्या ग्रामपंचायतीच्या कपाटात नावानिशी लावून ठेवल्या. मिरचीच्या बियाण्याशेजारी.

"दयाराम, फेक बे ते!" ढगे कळवळून म्हणाले.

"कसं फेकू, भाऊ? पाटलाचे नखं हायेत."

ढगे अर्ज घेईनात तेव्हा माणिकरावांना संशय आला की हा माणूस योजना दुसऱ्या गावाला देतोय. त्यांनी पंचायत समितीकडे लेखी तक्रार ठोकली: आमच्या गावचे ग्रामसेवक माणसांची रोपे दाबून ठेवतात. तिसऱ्या दिवशी जीप आली.

साहेब नवीन होते आणि घाटावरचे होते. त्यांनी कपाट उघडलं, पुड्या पाहिल्या, एका पुडीवरचं नाव वाचून ती उलगडली आणि घाईघाईने मिटली. मग ढग्यांना म्हणाले, "खोटी योजना जाहीर केलीत. मी आज तुम्हाला निलंबित करू शकतो. नाहीतर आत्ता चावडीत वाचून दाखवा की सदर योजना शासनाने रद्द केली आहे. विषय संपला."

सोपी सुटका होती. घरी दोन महिन्यांची मुलगी होती, तानुबाई होती. मी ढग्यांना बाजूला घेऊन म्हटलं, "वाचून टाका. तुमच्या बापाचं काय जातं?" त्यांनी वही काखेत घट्ट धरली. "बाई, रद्द झाली म्हनलं त होती असं होते. मंग मी लिवलं ते काय?"

गाव चावडीत जमलं. पुरुष पुढे, बाया मागच्या पडवीत, डोक्यावरून पदर ओढून. साहेब खुर्चीवर. ढगे उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, योजना नव्हती. कादंबरी हाय."

"कशावरून?" साहेब म्हणाले. त्यांनी वहीचं पहिलं पान वाचलेलं होतं, त्यामुळे प्रश्न रास्त होता.

"मी शेवटचं वाचतो. मंग तुमी ठरवा."

आणि त्यांनी तिसरी वही उघडली. ही गावाने अजून ऐकली नव्हती. वाचलं ते मला आजही पाठ आहे: "सदरहू मुलीस दररोज सकाळी मूळ नमुन्यासमोर बसविण्यात येई. नमुन्याच्या उजव्या मनगटावर तव्याचा डाग होता. मुलीने स्वतःचे मनगट तपासले. डाग नव्हता, परंतु जागा तयार होती. दुपारी भांडी झाल्यावर नमुना विहिरीच्या काठावर बसे, नांदुऱ्याच्या रस्त्याकडे पाही व कोणी हाक मारण्याच्या आत उठून घरात जाई. सदर बाब दररोज घडे. मुलीने ती चाळीस दिवस पाहिली. एकेचाळीसाव्या दिवशी नमुना उठला, परंतु मुलगी उठली नाही. ती रस्त्याला लागली. पूर्णेच्या काठी उपस्थित झाली असता नदीस पूर असल्याचे आढळून आले."

वही मिटली. माणिकरावांनी जांभई दिली. "ते ठीक हाय. पन मंग फॉर्म..."

"अन् मंग?"

आवाज पडवीतून आला. बायका चावडीत बोलत नसत, म्हणून आधी कोणाला कळेचना की बोललं कोण. गीताबाई उभी होती. माणिकरावांची बायको. ढगे बसायचे त्या पंचायतीच्या खिडकीतून पाटलांची विहीर दिसायची, हे मला तेव्हा आठवलं.

"अन् मंग काय झालं तिचं?" तिने पुन्हा विचारलं.

साहेबांनी हातातली फाइल बंद केली. हळूच मला म्हणाले, "मी अठरा वर्षं परिपत्रकं काढतोय, बाई. मग काय झालं असं कोणी कधी विचारलं नाही." आणि त्यांनी तक्रारीवर काहीतरी खरडून कागद दुमडला. ढग्यांची नोकरी वाचली ती तिथे. पण ढग्यांचं तिकडे लक्षच नव्हतं.

"पुढचं लिवलं नाही, वहिनी," ते म्हणाले. "नदीले पूर हाय."

"पूर कोनं आनला?"

"मी... मीच."

"मंग तुमीच उतरवा."

चावडीत कोणी हसलं नाही. माणिकराव मान वळवून बायकोकडे बघत होते, चाळीस वर्षं घरात असलेली वस्तू अचानक बोलावी तसे. मिशीला गेलेला हात तिथेच राहिला होता. शेवटी घसा खाकरून ते म्हणाले, "उतरवा न ग्रामसेवक. काय लागते त्याले?"

ढग्यांनी खिशातून पेन काढलं, वही गुडघ्यावर घेतली आणि 'पूर' खोडला. वर लिहिलं, आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, साध्या आवाजात, नाकात नाही. "नदीले गुडघ्याएवढं पानी होतं."

गीताबाईने मान हलवली. पदर तोंडाशी धरून ती म्हणाली, "नाही भाऊ, घोट्याएवढंच लिवा. मले पोहता नाही येत."

ढग्यांनी गुडघा खोडला आणि घोटा लिहिला.