साकवाची जागा

केळसकरकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंचायत समितीत पाणीटंचाईचा तक्ता तपासत होते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा, टेबलासमोर तीन सरपंच उभे. काकूंचा आवाज नेहमीसारखाच होता. "अगो, हे गेले. सकाळी चहा घेतला, पेपर उघडला आणि गेले... तू काम आटप, मग ये. घाई करू नको." मी खरंच तक्ता पुरा करून निघाले. कुणाला हा कोरडेपणा वाटला तर वाटो. अर्ध्यावर टाकून गेले असते तर काकांनाच ते आवडलं नसतं.

आमचं नातं काहीच नव्हतं. १९९८ साली मी नोकरीला लागले आणि पहिल्याच महिन्यात एका शाळेच्या जागेच्या मोजणीला हजर राहायला मला पाठवलं. काका भूमी अभिलेख खात्यात मोजणीदार होते. त्यांचा शिपाई आला नव्हता. माझ्या हातातली फाइल त्यांनी काढून घेतली, एका दगडावर ठेवली आणि मोजणीच्या साखळीचं टोक माझ्या हातात दिलं. दिवसभर मी कातळावर उन्हात ती साखळी धरून हिंडले. संध्याकाळी म्हणाले, "कचेरीतल्या बाईला साखळी सरळ धरता येते, म्हणजे खात्याचं अजून अगदीच वाटोळं झालेलं नाही." ही त्यांची शाबासकी. त्यानंतर रत्नागिरीत माझ्या घरी त्यांचं आणि त्यांच्या घरी माझं येणं-जाणं सुरू झालं ते कायमचंच.

निवृत्त झाल्यावर ते फार तर दोन महिने स्वस्थ बसले असतील. मग पुण्याहून पुतण्याने मुठीत मावेल एवढं जीपीएस यंत्र पाठवलं आणि सांगितलं, की इंटरनेटवर जगाचा एक नकाशा आहे, तो लोकच फुकट तयार करतात, तुम्ही चाललात ती वाट त्यात घालता येते आणि नंतर कुणालाही वापरता येते. मारुती मंदिराजवळच्या सायबर कॅफेत कॉलेजच्या पोरांच्या रांगेत काका चष्मा पुसत बसायला लागले. तिथे त्यांनी माऊस धरायला शिकण्यापासून सुरुवात केली. मी विचारलं, "काका, आयुष्यभर जमीन मोजलीत, अजून पोट भरलं नाही?" तर म्हणाले, "मी हद्दी मोजल्या. तुझं कुठवर, माझं कुठवर. माणसं चालतात कुठून, ते मोजायचं राहिलं."

आमच्याकडचं गाव म्हणजे एका जागी बसलेली वस्ती नव्हे. दहा-बारा वाड्या डोंगरभर पसरलेल्या, मध्ये पऱ्या वाहतात, म्हणजे आमच्याकडचे ओढे. कचेरीतल्या नकाशावर त्या सगळ्याचं मिळून एक टिंब. टँकरचा ड्रायव्हर, आरोग्य केंद्राची जीप, पंचनाम्याला जाणारा तलाठी, सगळे विचारत विचारत जायचे. काकांनी तीन उन्हाळे घालवून आमच्या तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांमधल्या वाड्या, विहिरी, पाखाड्या म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटा, गाडीवाटा त्या नकाशात घातल्या. मी त्याच्या प्रती काढल्या, एक आमच्या भिंतीवर लावली, एक आरोग्य केंद्रात दिली. गटविकास अधिकारी साहेबांनी विचारलं, "याच्यावर शिक्का कुणाचा?" मी सांगितलं, "कुणाचाच नाही. पण टँकर पोचतोय." साहेबांनी नकाशा राहू दिला. टँकर खरंच पोचत होता.

आणि मग जुलैमध्ये ते घडलं.

पूर्वेकडच्या एका गावात पऱ्यापलीकडे गुरववाडी आहे. तिथल्या एका बाईला कळा सुरू झाल्या म्हणून आरोग्य केंद्राची जीप निघाली. ड्रायव्हर नवा होता, त्याने नकाशा बघून गाडी घातली आणि बरोबर काकांनी दाखवलेल्या वाटेने पऱ्यावर आला. समोर पाणी नुसतं रोरावत होतं. वाडीची माणसं मात्र बाईला डोलीत घालून अर्धा मैल वर, साकवाच्या पुलावरून अलीकडे आली होती आणि तिथे वाट पाहत होती. पोफळीची खोडं टाकून बांधलेला तो साकव नकाशावर नव्हताच. जीप खाली, बाई वर, मध्ये जंगल आणि पाऊस. शेवटी एका गोठ्यात बाळंत झाली ती. मुलगी झाली. दोघी वाचल्या, पण त्यात नकाशाचं श्रेय काही नाही.

चूक कुठे झाली ते मला तेव्हाच कळलं आणि काकांना माझ्याही आधी कळलं असणार. मोजणी उघडिपीत करायची, दिवाळी ते मे, ही त्यांची तीस वर्षांची सवय. पावसात साखळी बाहेर काढायची नाही. साकव बांधतात जूनच्या तोंडावर, आणि पऱ्या आटला की त्याचं लाकूड काढून ठेवतात. काकांनी मे महिन्यात कोरड्या पऱ्यातून चालत जाऊन ती वाट अगदी चोख मोजली होती.

साहेबांनी नकाशा भिंतीवरून उतरवायला लावला आणि माझ्याकडे लेखी खुलासा मागितला. तो माझ्याआधी काकाच घेऊन आले. सगळ्या कचेरीसमोर म्हणाले, "खुलासा बाईंचा नाही, माझा. रेघ माझी आहे."

"पण तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"मी कोणीच नाही. म्हणून तर तुम्हाला मला काही करता येणार नाही, आणि म्हणूनच मला इथे यायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी भर पावसात ते गुरववाडीत गेले. मीही गेले. त्या बाळंतिणीची सासू भागीरथी पडवीत बसली होती. तिने काही आरडाओरडा केला नाही. एवढंच म्हणाली, "मोजनीदारानू, तुमी येताव मे म्हयन्यात. आमी हितं बारा म्हयने ऱ्हाताव."

काका छत्री उघडत म्हणाले, "चुकलो, वयनी. आता पावसाची वाट दाखव."

त्या पावसाळ्यात त्यांनी सगळ्या वाड्या पुन्हा चालून काढल्या. पायाला जळवा, दोनदा ताप. काकू माझ्यावर चिडल्या, "तूच नादाला लावलंस यांना." प्रत्येक वाटेपुढे त्यांनी कोणत्या महिन्यात पाहिली ते लिहिलं. तो गठ्ठा साहेबांपुढे ठेवला तेव्हा साहेब म्हणाले, "हे पुढच्या वर्षी बरोबर असेल कशावरून?" काका म्हणाले, "नसेलच. साकव दर वर्षी त्याच जागी येत नाही. दर वर्षी जाऊन बघायला लागेल." का कोण जाणे, या उत्तरावर साहेबांनी नकाशा परत लावायला परवानगी दिली. बहुतेक, ‘नसेलच’ असं आमच्या कचेरीत त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं. पुढे दर जूनमध्ये, साकव बांधून झाला की काका जायचे. साकवाचा नारळ फोडायला वाडीतली माणसंही ते येईपर्यंत थांबायची, फोडल्यावर त्यांच्या नावाची एक वाटी बाजूला ठेवायची.

यंदा ते जून बघायला राहिले नाहीत.

त्यांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी मला कचेरीत गुरववाडीतून फोन आला. भागीरथीचा मुलगा. "बाई, औंदा कड ढासळली. साकव वरच्या अंगाला घेतलाव. मोजनीदार कवा येतायत?" काका गेल्याचं तिथे कुणी कळवलंच नव्हतं. मी सांगितलं. तो म्हणाला, "नि मंग आता जीप कुटं येयाची?"

आरोग्य केंद्रात गेल्या वर्षीचीच प्रत होती. त्या संध्याकाळी काकूंकडे गेले आणि ते यंत्र मागितलं. त्यांनी कपाटातून काढून दिलं, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. "भिजवू नको," एवढंच म्हणाल्या.

रविवारी मी नव्या साकवाच्या मध्यावर उभी राहिले. पायाखाली खोडं हलत होती. वर झाडं आणि ढग, त्यामुळे यंत्राला जागा कळायला वेळ लागत होता. काका अशा वेळी बोलू द्यायचे नाहीत, म्हणून मीही कुणाला बोलू दिलं नाही. भागीरथी छत्री धरून कडेला उभी होती, तिच्या कडेवर नात.

सायबर कॅफेत बसल्यावर मात्र माझा हात थांबला. नकाशावर साकवाच्या टिंबावर टिचकी मारली की शेवटचा बदल कुणी केला ते दिसतं. तिथे काकांचं नाव होतं आणि त्यांची टीप: जूनमध्ये पाहिला, पायी ओलांडण्याजोगा. मी टिंब हलवलं की ते नाव जाणार आणि माझं येणार, हे मला ठाऊक होतं. मागून एक मुलगी म्हणाली, "काकू, झालं का तुमचं?"

जुन्या जागी आता पाणी होतं. मी टिंब उचललं, वर नेलं, खाली लिहिलं: जूनमध्ये पाहिला. सोमवारी नवी प्रत आरोग्य केंद्रात देऊन ड्रायव्हरची सही घेतली.